गाझा सोडून इस्रायलला काय मिळालं?

द्राक्षवाला_निफाड:
२०२५ च्या ऑक्टोबरात गाझात युद्धबंदी झाली, जिवंत राहिलेले २० ओलीस घरी पोचले, चांगलंच झालं. पण लगेच सगळीकडे जुनी कॅसेट सुरू, की इस्रायलने आता जमीन सोडावी, पॅलेस्टाईनचं राष्ट्र होऊ द्यावं म्हणजे सगळं थंड होईल. सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स सगळ्यांनी मान्यता पण देऊन टाकली. माझं म्हणणं एवढंच की हा प्रयोग एकदा करून झालाय राव. २००५ ला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी गाझातल्या ज्यूंच्या २१ च्या २१ वसाहती उठवल्या, ८ हजाराच्या आसपास माणसं, जी स्वतःहून निघेनात त्यांना त्यांच्याच सैनिकांनी हातपाय धरून बसमध्ये घातलं, एका सिनेगॉगच्या गच्चीवर पोरं चढून बसली होती तर क्रेनला कंटेनर लटकवून पोलीस वर सोडले. आपल्याच माणसांना असं उचलून दुसऱ्यासाठी जागा रिकामी करणारा देश दाखवा मला.

आणि मिळालं काय? जून २००७ ला हमासने फताह या दुसऱ्या पॅलेस्टिनी पक्षाच्या लोकांना मारून हाकलून गाझा ताब्यात घेतला, रॉकेटं चालूच राहिली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला एका दिवसात १२०० च्या आसपास माणसं मारली, २५१ उचलून नेली. आम्ही काही बागायतदार ठिबक बघायला तिकडे जाऊन आलोय. गाझाला लागून असलेल्या सदेरोतमध्ये गाडी थांबली होती. तिथला बस स्टॉप म्हणजे सिमेंटचा जाडजूड खोका आहे, आणि बागेत पोरांना खेळायला एक रंगीत सुरवंट केलाय, लांबलचक, तोंडावर हसू काढलेलं, तर तो पण सिमेंटचा, आतून बॉम्ब शेल्टर. कारण सायरन झाला की १५ सेकंद असतात. १५ सेकंदात कडेवरचं पोर आणि म्हातारी आई घेऊन तुम्ही कुठं पळणार सांगा.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पॉलीहाऊसचा. वसाहतवाल्यांची पॉलीहाऊस मोडू नयेत, पॅलेस्टिनींना चालू स्थितीत मिळावीत म्हणून वर्ल्ड बँकेचे माजी अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी दानशूर लोकांकडून १ कोटी ४० लाख डॉलर जमवले, त्यात ५ लाख स्वतःच्या खिशातले. सैन्य बाहेर पडायचा अवकाश, लोकांनी पाइप, मोटारी, प्लास्टिक, हाताला लागेल ते नेलं. एक पॉलीहाऊस उभं करायला काय लागतं ते आम्हाला विचारा. आयतं मिळालेलं ज्यांना टिकवता आलं नाही त्यांना राष्ट्र देऊन काय होणार? घाला आता शिव्या.

कोयनाकाठ:
"आपल्याच माणसांना उचलणारा देश दाखवा"??? 😄 दादा, कोयनेच्या धरणग्रस्तांना भेटा एकदा, त्यांना तर भरपाईचा चेक पण धड मिळाला नाही. बाकी चालू द्या, मी वाचतोय.

अश्विनी_के:
द्राक्षदादा, पॉलीहाऊसची गोष्ट तुम्ही निम्मी सांगितलीत, आणि व्हॉट्सॲपवर पण कायम तेवढीच फिरते. लूट झाली, खरं आहे, काही दिवस झाली. पण त्याआधी बरीचशी पॉलीहाऊस वसाहतवाल्यांनीच मोडून सामान बरोबर नेलं होतं. आणि लुटीनंतर काय झालं ते कोणी सांगत नाही. पॅलेस्टिनी कंपनीने ती दुरुस्त केली, स्ट्रॉबेरी, ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो लावले, वर्षअखेरीला माल तयार पण झाला. तो माल बाहेर जायचा रस्ता एकच, कार्नीचा नाका. अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांनी स्वतः बसून १५ नोव्हेंबर २००५ ला करार करून दिला होता, की डिसेंबर संपेपर्यंत रोज १५० ट्रक सोडायचे. जानेवारीच्या मध्यात नाका बंद, मग थोडा वेळ चालू की परत बंद, आठवडेच्या आठवडे. माल क्रेटमध्ये सडला, जनावरांना घातला. तुमचा एक कंटेनर न्हावाशेवाला चार दिवस उन्हात उभा राहिला तर तुम्ही कस्टमवाल्यांच्या किती पिढ्या काढता? इथे अख्खा हंगाम गेला.

आणि तारखा बघा. नाका बंद झाला जानेवारीच्या मध्यात, हमास निवडणूक जिंकली २५ जानेवारीला. म्हणजे "हमास आली म्हणून बंद केलं" हे पण नाही. वुल्फेन्सन वैतागून एप्रिलमध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले.

"सोडला" म्हणजे तरी काय? आकाश इस्रायलचं, समुद्र त्यांचा, मासेमारी कुठपर्यंत करायची ते ठरवणार ते, जन्मलेल्या पोराची नोंद ज्या रजिस्टरवर चालते ते पण त्यांच्याच ताब्यात. फक्त आत राहणारे सैनिक बाहेर येऊन उभे राहिले.

द्राक्षवाला_निफाड:
ताई, नाका उगाच मजा म्हणून बंद केला का? त्याच कार्नीवर जानेवारी २००५ ला आत्मघाती हल्ला होऊन सहा इस्रायली मेले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २००४, अश्दोद बंदरात दोघांनी स्वतःला उडवलं, १० माणसं गेली, ते दोघं गाझातून आले कसे तर कंटेनरमध्ये खोटी भिंत करून तिच्यामागे लपून. आणि कंटेनर आला कुठून, याच कार्नीतून. आता तुम्ही त्या नाक्यावरचे अधिकारी आहात, समोर स्ट्रॉबेरीचे १५० ट्रक उभेत. सोडा बघू न तपासता.

अश्विनी_के:
तपासा की, कोण नको म्हणतंय. तपासणं आणि शटर ओढणं यात फरक आहे ना. स्कॅनर होते तिथे.

बंडू_विद्रोही:
२००५ काय, २००७ काय, कसले हिशोब करताय? १९४८ पासून सुरू करा. ७ लाख लोकांना घरातून हाकललं, ४०० च्या वर गावं रिकामी केली, बरीचशी पुसूनच टाकली, देर यासीनमध्ये बायकापोरांसकट कत्तल केली, आणि त्या जमिनीवर युरोपातल्या गोऱ्या लोकांनी देश उभा केला. गाझात राहणारे बहुतेक लोक त्याच हाकललेल्यांची मुलं-नातवंडं आहेत, ७ ऑक्टोबरला ज्या किबुत्झांवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या गावांवर, हल्ला झाला तिथून चालत जायच्या अंतरावर त्यांच्या आजोबांची शेतं होती. चोरीचा माल निम्मा परत केला म्हणून चोराचे आभार मानायचे का? या गोऱ्यांनी आपापल्या युरोपात परत जावं, विषय संपला.

शनवार_तेली:
बंडू, मी अश्दोदला राहते. मूळ अलिबागच्या बाजूची ज्यू, बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणात तेलाच्या घाण्याला शनिवारी सुट्टी द्यायचे म्हणून गावाने हे नाव ठेवलं, तेच मी इथे घेतलंय. तर मला सांग, मी कुठल्या युरोपात परत जाऊ? पोयनाडला?

माझ्या बिल्डिंगमध्ये खाली मोरोक्कोची फॅमिली, वर बगदादची. बगदादवाल्या आजींच्या घरच्यांनी १९४१ चा फरहूद बघितलाय, दोन दिवस ज्यूंची घरं आणि दुकानं लुटली, दीडशेच्या वर माणसं मारली, तेव्हा इस्रायल नावाचा देशही नव्हता. १९४८ नंतर अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू निघाले, बहुतेकांचं घरदार तिथेच राहिलं, त्यांना परत ये म्हणून कोणी कधी बोलावलं नाही. या देशातले जवळजवळ निम्मे ज्यू असे आलेत. "गोरे" म्हणे. आम्हा बेने इस्राएलांना तर इथल्या गोऱ्या रब्बींनीच १९६० च्या सुमारास लग्नाला अस्सल ज्यू मानायला नकार दिला होता, आमच्या लोकांनी धरणं धरलं, संप केला, मग १९६४ ला क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला. त्यामुळे इस्रायल स्वर्ग आहे असं मला कोणी सांगू नये, पण माझं दुसरं घर कुठे आहे ते पण मला कोणी सांगू नये.

द्राक्षदादा, अश्दोद बंदराचं तुम्ही लिहिलंत, त्या वेळी आमच्या ओळखीतली माणसं तिथे ड्युटीवर होती. सदेरोतला १५ सेकंद, आम्हाला ४५. तेवढ्यात मी गॅस बंद करून जिन्यापर्यंत पोचते.

पण एक सांगते, आवडणार नाही. तुम्ही तिकडे बसून इस्रायलच्या नावाने टाळ्या वाजवता ना, त्यातल्या निम्म्या टाळ्या आमच्यासाठी नसतातच.

बाणकोटी:
शनवारताई, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, मी लिहिलं असतं तर मला लगेच पाकिस्तानचं तिकीट मिळालं असतं 🙂

मी मंडणगड तालुक्यातला मुसलमान. हमासने ७ ऑक्टोबरला केलं ते पाप आहे, म्हाताऱ्या बायका उचलून नेल्या, नाचणारी पोरं मारली, माझ्या धर्मात याला कुठे जागा नाही आणि हे मी मशिदीबाहेर पण बोललोय. आता पुढचं बोलू का? गाझाच्या आरोग्य खात्याप्रमाणे युद्धबंदीपर्यंत ६७ हजाराच्या वर माणसं मेली. हमासचा आकडा म्हणून उडवून लावायचा असेल तर इस्रायलचे माजी लष्करप्रमुख हर्झी हालेवी काय म्हणाले ते बघा, गाझातली १० टक्क्यांहून जास्त लोकसंख्या मेली किंवा जखमी झाली. त्यांच्याच सेनापतीचं म्हणणं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला, समुद्राकाठच्या सुपीक पट्टीत, जिथून काही किलोमीटरवर ट्रक भरून उभे होते.

आणि हे बोललो की पहिला प्रश्न, "मणिपूरवर बोललास का, बांगलादेशच्या हिंदूंवर बोललास का". मुंबईत मोर्चाला परवानगी मागायला डावे पक्ष हायकोर्टात गेले तर जुलैमध्ये कोर्टाने सुनावलं की आधी आपल्याकडचा कचरा, पूर, गटारं बघा. ऑगस्टमध्ये आझाद मैदान मिळालं ते वेगळं. पण मला सांगा, युक्रेनवर बोलताना कोणी गटाराचं विचारतं का? इथे निम्मे लोक गाझाबद्दल बोलतच नसतात हो, आपल्या गल्लीतल्या मुसलमानाबद्दल बोलत असतात.

खडूस_म्हातारा:
बाणकोटी, तुमचा मुद्दा पोचला. पण उलट बाजूनेही तसंच आहे की. किती जण गाझासाठी रडतात आणि येमेन, सुदानचं नाव निघालं की नकाशात शोधायला लागतात. असो.

मी ७८ चा आहे, नेहरू ते मोदी सगळं पाहिलंय. १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध आपण मत दिलं, ३३ विरुद्ध १३ असा निकाल लागला त्यात आपण तेरात. त्याआधी गांधींनी १९३८ ला हरिजनमध्ये लिहून ठेवलं होतं की पॅलेस्टाईन अरबांचं. सावरकरांनी उलट १९४७ ला ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं. म्हणजे हे भांडण मराठी घरात आज आलेलं नाही. पण नंतर आपल्याला अरबांनी काय दिलं? १९६५ ला, १९७१ ला कोण कुणाच्या बाजूने होतं? आणि कारगिलला दारूगोळा, लेझर बॉम्बसाठीचे पॉड कोणी पाठवले? इस्रायलने. मुंबईत २६/११ ला नरिमन हाऊसमध्ये ज्यूंना मुद्दाम शोधून मारलं, ते कोणाच्या सांगण्यावरून? राष्ट्राला मित्र हवा असतो, न्यायाधीश व्हायची हौस आपण १९९२ ला इस्रायलशी पूर्ण संबंध जोडेपर्यंत भागवून घेतली.

अश्विनी_के:
आजोबा, मैत्री ठेवा की, कोण अडवतंय. पण भारताने १९८८ ला पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिलीय, ती मोदी सरकारनेही मागे घेतली नाही. जून २०२५ ला युद्धबंदीच्या ठरावावर आपण तटस्थ बसलो आणि सप्टेंबरात दोन राष्ट्रांच्या ठरावाला हो म्हणालो. म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. कारगिलचे उपकार फेडायला गाझातल्या पोरांकडे पाठ फिरवायची हा हिशोब मला काही जमत नाही.

कुवैतवाला:
अरबांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं कुवैतला तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे होतो. आमच्या सेक्शनला एक गाझाचा ड्राफ्ट्समन होता, जन्म कुवैतचा, बाप १९४८ ला गाझात आलेला. त्याच्याकडे इजिप्तने दिलेलं प्रवासाचं कागद होतं, पासपोर्टसारखंच दिसणारं. एकदा सुट्टीला जायचं म्हणून आम्ही दोघं टेबलवर कागदपत्रं मांडून बसलो होतो, तर त्याने दाखवलं, की हे कागद इजिप्तने दिलंय, पण यावर इजिप्तमध्ये शिरायला इजिप्तचाच व्हिसा लागतो, आणि तो देत नाहीत. गाझात जायला इस्रायलची परवानगी. कुवैतमध्ये नोकरी आहे तोवर राहायचं. त्याला सुट्टी होती, पण जायला जागा नव्हती. आम्ही कोल्हापूरला निघालो, तो ऑफिसात.

१९९० आधी कुवैतला चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते. अराफत सद्दामच्या बाजूला गेले आणि १९९१ नंतर कुवैतने जवळजवळ सगळे बाहेर काढले. अरब बंधुत्व वगैरे मी डोळ्याने बघितलंय, त्यामुळे मला "सगळं इस्रायलमुळे" पण पटत नाही. राफाचा दरवाजा इजिप्तचा आहे, तो पण बंदच असायचा की. पण म्हणूनच म्हणतो, या लोकांना स्वतःचा पासपोर्ट देणारा स्वतःचा देश नाही ही मूळ गोष्ट आहे, मग तुम्ही हमासला शिव्या द्या नाहीतर नेतन्याहूला.

द्राक्षवाला_निफाड:
कुवैतवाले साहेब, देश द्यायला तयार होते की. २००८ ला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान ओल्मर्टनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बासना जवळपास ९४ टक्के वेस्ट बँक, म्हणजे गाझा सोडून पॅलेस्टिनींचा दुसरा भाग, आणि उरलेल्याच्या बदल्यात इस्रायलमधली जमीन, एवढं देऊ केलं होतं. अब्बास "बघतो" म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. १९४७ ला नाही, २००० ला नाही, २००८ ला नाही. ज्याला सारखं पूर्ण ताटच पाहिजे तो उपाशी राहणार.

अश्विनी_के:
ओल्मर्टनी नकाशा दाखवला, हातात दिला नाही. अब्बासनी परत जाऊन रुमालावर आठवून रेषा ओढल्या. आणि ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकून जायच्या वाटेवर होते, सही करून ते ती पाळणार कशी? तुम्ही तरी जप्ती आलेल्या माणसाकडून जमिनीचं खरेदीखत कराल का? तरी मी म्हणते अब्बासनी उत्तर द्यायला हवं होतं.

पण तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. शेरॉनने गाझा कोणाला दिला? कोणालाच नाही. अब्बास तेव्हा नुकतेच निवडून आले होते, बोलायला तयार होते, त्यांच्या हातात करार करून किल्ली दिली असती तर "बघा, बोलून मिळालं" असं त्यांना लोकांना सांगता आलं असतं. शेरॉनने एकतर्फी सोडला. हमास म्हणाली, बघा आमच्या रॉकेटांनी पळवून लावलं. आणि शेरॉनचेच सल्लागार डोव्ह वाइसग्लास यांनी २००४ ला हाआरेत्झ पेपरला मुलाखतीत सांगून टाकलं होतं, की ही माघार म्हणजे फॉर्मालिन आहे, राजकीय बोलणी पुढे सरकू नयेत म्हणून. म्हणजे हेतूच तो होता.

आता दुसरी बाजू. वेस्ट बँकेत रॉकेटं नाहीत. अब्बासचे पोलीस इतकी वर्षं इस्रायलला माहिती देतायत, हमासवाल्यांना पकडून देतायत, स्वतःच्या लोकांकडून गद्दार म्हणून ऐकून घेतायत. त्याचं बक्षीस? २००५ ला तिथे अडीच लाख वसाहतवाले होते, पूर्व जेरुसलेम सोडून. आता पाच लाखांच्या वर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पूर्वेच्या ई-१ पट्ट्यात हजारो घरांना मंजुरी दिली आणि त्यांचे अर्थमंत्री स्मोट्रिच उघड म्हणाले की यात पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच पुरली. जिथे रॉकेटं मारली तिथून वसाहती उठल्या, जिथे गप्प बसले तिथे दुप्पट झाल्या. वेस्ट बँकेत नाबलुसमधल्या १८ वर्षांच्या पोराने यातून काय शिकायचं, तुम्हीच सांगा.

द्राक्षवाला_निफाड:
ताई, हा मुद्दा मला टोचलाय, खोटं कशाला बोलू. वसाहतींचं समर्थन मी करत पण नाही, ते बेन-ग्वीर वगैरे मंडळी तर मला अजिबात आवडत नाहीत, ज्याला कोर्टाने वांशिक चिथावणीसाठी दोषी ठरवलंय त्यालाच पोलीस खातं दिलं. पण नकाशा बघा हो. वेस्ट बँक म्हणजे डोंगररांग, खाली सपाटीवर तेल अवीव, विमानतळ, निम्मा देश. ग्रीन लाइनपासून, म्हणजे १९६७ आधीच्या सीमेपासून, समुद्र देश जिथे अरुंद आहे तिथे १५ किलोमीटरवर. गाझातून जे सदेरोतचं झालं ते त्या डोंगरावरून सगळ्या देशाचं होईल. अब्बास ९० चे झालेत, २००५ नंतर अध्यक्षपदाची निवडणूक नाही. उद्या ते गेले आणि रामल्लात, त्यांच्या सरकारच्या जागी, हमास बसली तर तुमची शिकवणीची गोष्ट मी बेन गुरियन विमानतळावर कोणाला सांगू? वसाहत चुकीची आणि सैन्य गरजेचं, दोन्ही एकदम खरं असू शकतं की नाही?

शनवार_तेली:
असू शकतं. पण दादा, ते सैन्य आता वसाहतींच्याच राखणीला उभं असतं, हाच तर राग आहे. ७ ऑक्टोबरला गाझाच्या सीमेवर माणसं कमी पडली आणि कितीतरी तुकड्या वेस्ट बँकेत होत्या, यावर इथे घराघरात भांडणं झालीत. आणि हमासला कतारचे पैसे, सुटकेस भरून रोकड, २०१८ पासून नेतन्याहूंच्याच संमतीने जायची. अब्बास दुबळे राहावेत, हमास टिकावी, म्हणजे बोलायला कोणी नको. ते गणित आमच्यावरच फुटलं.

गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी किबुत्झच्या व्हिव्हियन सिल्व्हरबाई माहितीयेत? ७४ वर्षांच्या. गाझातले आजारी लोक नाक्यावरून स्वतःच्या गाडीत घालून इस्रायली हॉस्पिटलला न्यायच्या. त्यांना हमासने घरात मारलं. आधी वाटलं होतं ओलीस नेलंय, मग महिन्याभराने अवशेषांवरून कळलं. त्यांचा मुलगा आजही शांततेचंच बोलतो. माझ्याने होत नाही ते. माझा पोरगा राखीव दलात होता, मला रात्रभर झोप नव्हती, तेव्हा पलीकडच्या आईचा विचार मी केला असं सांगितलं तर खोटं होईल.

बंडू_विद्रोही:
म्हणजे मुलगा गाझात रणगाडा चालवत होता आणि इथे आम्ही सहानुभूती द्यायची. वा.

शनवार_तेली:
रणगाडा नाही, ॲम्ब्युलन्स युनिट. आणि सहानुभूती मागितली नाही, तू "परत जा" म्हणालास त्याचं उत्तर दिलं.

बाणकोटी:
बंडू, पोरं काढू नकोस रे कोणाची.

द्राक्षदादा, तुम्ही शेतकरी म्हणून एक सांगतो. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर ऑलिव्हची तोडणी असते. इस्रायलने वेस्ट बँकेत घातलेल्या भिंतीच्या पलीकडे ज्यांची झाडं गेलीत त्यांना स्वतःच्या झाडापर्यंत जायला गेट आहे, त्या गेटचा पास काढायचा, आणि गेट उघडणार वर्षातले मोजके दिवस. बाकी वर्ष छाटणी नाही, खत नाही, तण काढणं नाही. झाड उभं आहे म्हणायचं फक्त. नाबलुसजवळ बुरीनसारख्या गावांना वरच्या डोंगरावर यित्झहारची वसाहत आहे, तिथून पोरं खाली उतरतात, झाडं कापतात, जाळतात, तोडणीवाल्यांना काठ्या दगड. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत २०२५ च्या ऑक्टोबरात असे २६० च्या वर हल्ले आहेत, २००६ ला मोजायला लागल्यापासून एका महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा. सैनिक बाजूला उभे असतात बऱ्याचदा. तिथे डोंगरावरून खाली मारा कोण करतंय?

द्राक्षवाला_निफाड:
हे जे करतात त्यांना आत टाकलं पाहिजे, यात दोन मतं नाहीत. चार वर्षांचं झाड कापलेलं बघितलं तरी आम्हाला जेवण जात नाही, तिथे तर शंभर वर्षांची झाडं. पण बाणकोटी भाऊ, झाड आणि माणूस एका तराजूत नको.

बाणकोटी:
माणसं पण मरतायत तिथे. ती मोजायची असतील तर तराजू मोठा आणावा लागेल.

खडूस_म्हातारा:
आता पुढचं बोला. १७ नोव्हेंबर २०२५ ला सुरक्षा परिषदेत गाझासाठीच्या ट्रम्पच्या योजनेला मंजुरी मिळाली, १३ मतं बाजूने, रशिया चीन तटस्थ. परदेशी फौज जाणार, हमासची हत्यारं काढणार, इस्रायल मागे सरकणार. युद्धबंदीनंतर इस्रायली सैन्य ज्या पिवळ्या रेषेपर्यंत मागे आलं तिच्या आतला निम्म्याहून जास्त गाझा त्यांच्याकडेच, बाकीच्यात हमासची पोरं बंदुका घेऊन ट्रॅफिक सांभाळतायत, आणि युद्धबंदीत पण शेकडो लोक मेलेत. हत्यारं काढायला जाणार कोण? प्रत्येक देश म्हणतोय आम्ही पैसे देऊ, सिमेंट देऊ, पोलिसांना ट्रेनिंग देऊ. बोगद्यात उतरायला कोणी नाही. आपले जवान पाठवा असंही काही जण सुचवतायत. माझा स्पष्ट विरोध. मे २०२४ ला राफात संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा होऊन आपले एक निवृत्त कर्नल गेले, गाडीवर ठळक अक्षरं, झेंडा सगळं होतं, पुण्यात अंत्यसंस्कार झाले. त्याचं पुढे काय झालं? कोणाला शिक्षा झाली?

कुवैतवाला:
आजोबा, इस्रायलकडे बोट दाखवणारं उदाहरण तुम्ही द्यावं, नवल आहे.

खडूस_म्हातारा:
मित्र म्हणून विचारतोय. मित्राला हिशोब मागू नये असं मी कुठे म्हणालो?

अश्विनी_के:
फौज गेली तरी प्रश्न तोच येणार, किल्ली कोणाच्या हातात द्यायची. हमासला नाही, कबूल. अब्बासना नेतन्याहू नाही म्हणतात. वसाहतवाल्यांना परत गाझात जायचंय, त्यांचे मंत्री उघड बोलतात. म्हणजे परत २००५, फक्त या वेळी घरं पण शिल्लक नाहीत. द्राक्षदादा, तुम्हीच सांगा, जमीन सोडू नये म्हणता तर त्या २० लाख माणसांना मताचा हक्क देणार का? नाही ना. मग ती माणसं कायद्याने कोण?

द्राक्षवाला_निफाड:
याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी निफाडला असतो का ताई. हक्क दिला तर ज्यू राष्ट्र राहत नाही, नाही दिला तर लोकशाही राहत नाही, एवढं मला पण कळतं. मी म्हणतो आधी हत्यारं, मग जमीन. तुम्ही म्हणता आधी जमीन, मग हत्यारं. पहिला पाय कोणी टाकायचा यावर आपण इथे भांडतोय आणि तिकडे पण तेच भांडण आहे. शनवारताई, तुमच्याकडे २०२६ चा ऑक्टोबर संपायच्या आत निवडणूक व्हायची ना, तुम्ही कोणाला देणार मत?

शनवार_तेली:
बीबीला, म्हणजे नेतन्याहूंना, नाही, एवढं नक्की. बाकी विरोधकांचे पुढारी ऐकते, सगळे ७ ऑक्टोबरची चौकशी करू म्हणतात, हरेदी, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यूंच्या, पोरांना सैन्यात घेऊ म्हणतात, छान आहे. वेस्ट बँकेवर विचारलं की घसा खाकरतात. आमच्या मराठी मंडळात एका उमेदवाराचा माणूस आला होता, मलिदा खाऊन गेला, मी विचारलं अब्बासशी बोलणार का, तर म्हणे आत्ता ती वेळ नाही. मी म्हटलं २००५ ला पण हेच म्हणाले होते.

बंडू_विद्रोही:
म्हणजे देणार कोणाला? उत्तर दिलंच नाही.

शनवार_तेली:
ठरलं की कळवते. तुझ्या वॉर्डाचं ठरलं का?